मागवून घेतलेला रेडिओ

मुंबईत ज्यांच्या घरी अजून एफएमचा संच आहे, त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. संचावर १०२.८ मेगाहर्ट्झवर विविध भारती लावायची आणि शेजारी फोन ठेवून आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर तीच विविध भारती सुरू करायची. दोन्हीकडून एकच गाणं येतं, पण बरोबरीनं येत नाही. संचावर अंतरा सुरू झालेला असतो तेव्हा फोनवर अजून मुखडाच चाललेला असतो. फरक कधी दहा-पंधरा सेकंदांचा असतो, कधी अर्ध्या मिनिटाचा. फोन महागातला असो, घरात फायबरचं नेट असो, फरक काही मिटत नाही. काही शे रुपयांचा संच पुढे आणि हजारो रुपयांचा फोन मागे, असं का व्हावं?

कारण दोन्हींत मुळातच वेगळ्या गोष्टी घडत असतात. हवेतला रेडिओ केंद्रानं एकदाच, सगळ्यांसाठी मिळून सोडलेला असतो. फोनवरचा रेडिओ प्रत्येकानं आपापला मागवून घ्यायचा असतो. एवढी एक गोष्ट नीट कळली की इंटरनेट रेडिओबद्दलचं बाकीचं कोडं सुटायला लागतं. आवाज उशिरा का येतो, घाटात रेडिओ एकदम मुका का होतो, डेटा किती जातो, लंडनमधल्या माणसाला काही स्टेशनं का लागत नाहीत, छोट्या केंद्रांना श्रोते वाढले की खर्चाची काळजी का लागते, या सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

आधी हवेतलं पाहू. मुंबईची अस्मितावाहिनी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला लागते, पुणे केंद्र ७९२ला. ५५८ किलोहर्ट्झची एकेक लहर सुमारे ५३७ मीटर लांब असते. एवढी लांब लहर जमिनीला धरून, टेकड्यांना वळसा घालत दूरवर जाते, आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून आणखी लांब पोचते. अंधार पडला की कुठली कुठली परप्रांतातली केंद्रं एकमेकांत मिसळून ऐकू यायची, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची. ती साधारण नजर पोचेल तिथवर सरळ जाते, त्यामुळे आवाज स्वच्छ पण पल्ला कमी. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. प्रक्षेपकाला श्रोत्यांची काहीही खबर नसते. एक माणूस ऐकतोय की दहा लाख, त्यानं केंद्राच्या वीजबिलात पैशाचाही फरक पडत नाही. पूर्वी रेडिओ बाळगायला परवाना लागे, पोस्टात जाऊन त्याची फी भरावी लागे. पण तो परवानाही यंत्राचा होता. त्या यंत्रावर कोण, कधी, काय ऐकतं हे कळायला काही मार्गच नव्हता.

फोनवर ‘प्ले’ दाबलं की पहिल्यांदा मागणी जाते. एका ठरलेल्या पत्त्यावर केंद्राचा सर्व्हर असतो, त्याला फोन कळवतो की मला हे स्टेशन हवंय. सर्व्हर होकार देतो आणि त्या एका फोनसाठी आवाजाची स्वतंत्र प्रत निघायला लागते. शेजारच्या खोलीत दुसऱ्या फोनवर तेच स्टेशन लावलं, तर पहिली प्रत दोघांत वाटली जात नाही, दुसरी निघते. हजार श्रोत्यांना हजार प्रती.

त्या प्रतीत काय असतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. स्टुडिओतल्या मायक्रोफोनमधून आलेला आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिलं जातं. डावी-उजवी बाजू मिळून सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट होतात. सीडीवर आवाज असतो तो असाच. मोबाइलच्या नेटवर हे ओझं तासन्‌तास वाहणं परवडत नाही, म्हणून मध्ये एन्कोडर बसवलेला असतो, आणि त्याचं सगळं काम माणसाच्या कानाच्या स्वभावावर चालतं. तबल्याची जोरकस थाप पडते त्या क्षणी तिच्या आसपासच्या स्वरांतली बारीक कुजबुज आपल्याला ऐकूच येत नाही. मोठा आवाज छोट्याला झाकून टाकतो. जे ऐकू येणारच नाही ते एन्कोडर गाळून टाकतो किंवा ढोबळ करून ठेवतो. एमपी-थ्री ही पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतले कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी ती घडवत होते तेव्हा पारखण्यासाठी सुझान व्हेगा या गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे साथीशिवाय गायलेलं गाणं पुन्हा पुन्हा ऐकत. एकट्या मानवी आवाजात जरा जरी बिघाड झाला तरी तो कानाला लगेच खुपतो, म्हणून ही निवड.

एमपी-थ्रीत आवाजाचे ११५२ मोजमापांचे तुकडे पडतात. एक तुकडा २६ मिलिसेकंदांचा, आणि सेकंदाला १२८ किलोबिट वाहणाऱ्या धारेत, म्हणजे १२८ किलोबिटच्या स्ट्रीममध्ये, तो जेमतेम ४१७ बाइटांत मावतो. निवेदिकेला ‘नमस्कार’ म्हणायला पाऊण सेकंद लागला तर तेवढ्यात असे अठ्ठावीस-एकोणतीस तुकडे झालेले असतात. ते तारांतून, टॉवरवरून, कधी समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून आपल्यापर्यंत येतात, वाटेत एखादा हरवला तर पुन्हा मागवला जातो, आणि फोन ते सगळे अचूक क्रमानं जोडून तो शब्द सलग ऐकवतो. मला या गोष्टीचं अजूनही अप्रूप वाटतं.

हे सगळं फार जुनं नाही. १९९३ साली अमेरिकेत कार्ल मालामूड यांनी ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ सुरू केला, पण त्याचे कार्यक्रम फाइल म्हणून आधी उतरवून घ्यावे लागत आणि मग ऐकावे लागत. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथलं डब्ल्यूएक्सवायसी हे विद्यार्थ्यांनी चालवलेलं केंद्र आपलं रोजचं प्रसारण जसंच्या तसं इंटरनेटवर सोडू लागलं. पुढल्या एप्रिलमध्ये रिअलऑडिओ हे आवाज येता येताच ऐकवणारं सॉफ्टवेअर आलं. त्याच १९९५च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला १४.४ किलोबिट मिळाले तरी बरं, अशी स्थिती होती, त्यामुळे आवाज घोगरा यायचा आणि अडकत अडकत यायचा. दशकाच्या शेवटी विनॅम्प हा गाणी वाजवणारा प्लेअर बनवणाऱ्या नलसॉफ्टनं शाउटकास्ट काढलं, पाठोपाठ आयसकास्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आलं, आणि एक कॉम्प्युटर, एक माइक व बऱ्यापैकी नेट एवढ्या सामग्रीवर कुणालाही घरबसल्या स्टेशन चालवता येऊ लागलं. फोनवरची असंख्य छोटी स्टेशनं आजही याच दोन सॉफ्टवेअरच्या आधारावर उभी आहेत.

आता सुरुवातीच्या त्या अर्ध्या मिनिटाकडे येऊ. नेटवरून तुकडे एकसारखे येत नाहीत. कधी घोळक्यानं येतात, कधी रेंगाळतात. आले तसे वाजवत गेलो तर गाणं ठेचकाळत चालेल. म्हणून फोन थोडे तुकडे जमवून ठेवतो आणि मग वाजवायला घेतो. या साठ्याला बफर म्हणतात. नळाला पाणी कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढं, पण गच्चीवरच्या टाकीमुळे घरातली धार सारखी राहते, तसं त्याचं काम चालतं. साठा जितका मोठा तितकी धार खात्रीची आणि तितकाच उशीर जास्त. आयसकास्टचा सर्व्हर नव्या श्रोत्याला सुरुवातीला एकदम ६४ किलोबाइट देऊन टाकतो, म्हणजे फोनला वाट बघावी लागत नाही. यातला बारकावा असा की १२८ किलोबिटच्या स्ट्रीमला एवढा साठा चार सेकंदांचा होतो, तर ३२ किलोबिटच्या स्ट्रीमला सोळा सेकंदांचा. त्यामुळे एकाच केंद्राचा हलका स्ट्रीम भारी स्ट्रीमपेक्षा मागे असलेला आढळतो.

मोठे प्रसारक बहुधा दुसरी पद्धत वापरतात. ती ॲपलनं २००९ साली आणली, तिचं नाव एचएलएस. तीत सलग धार नसते. सर्व्हर काही सेकंदांचा आवाज साठवून त्याची छोटी फाइल करतो, मग पुढची, मग त्याच्या पुढची, आणि शेजारी एक यादी ठेवतो की आत्ता या या फाइली तयार आहेत. फोन ती यादी दर थोड्या वेळानं पाहतो आणि फाइली एकेक करून उचलतो. एक फाइल पूर्वी दहा सेकंदांची असायची, आता ॲपल सहा सेकंदांची शिफारस करते. सुरुवात करताना फोन साधारण तीन फाइली मागून उचलतो, म्हणजे अठरा ते तीस सेकंद तिथेच गेले. त्यात एन्कोडरचा आणि वाटेतला वेळ मिळवला की विविध भारतीच्या मुखड्याचं गणित जुळतं. त्या बदल्यात दोन फायदे मिळतात. नेट मंदावलं की फोन आपण होऊन कमी प्रतीच्या फाइली उचलतो आणि रेडिओ थांबत नाही. शिवाय फाइल ही साधी गोष्ट असल्यामुळे तिच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर ठेवता येतात आणि लाखो श्रोत्यांचा भार वाटला जातो. मात्र फोनवरच्या रेडिओतली वेळ ऐकून घड्याळ लावू नये. आणि शेजारच्यांच्या घरी क्रिकेटचं समालोचन एफएमवर चालू असेल, तर विकेट पडल्याची आरोळी आधी भिंतीपलीकडून येणार हे धरूनच चालावं.

उशिराची भर आणखी एका कारणानं पडते, ते फार लोकांच्या लक्षात येत नाही. मध्येच फोन येतो, आपण बोलतो, रेडिओ थांबतो. बोलणं संपल्यावर काही ॲप जिथे सोडलं तिथूनच पुढे वाजवतात. अशा दोन-चार फोननंतर आपण थेट प्रसारणाच्या पाच-सात मिनिटं मागे असू शकतो. बातम्या ऐकायच्या असतील तर स्टेशन बंद करून पुन्हा लावावं, म्हणजे फोन ताजी मागणी करतो आणि आपण पुन्हा ‘थेट’च्या जवळ येतो.

कर्जत-लोणावळा घाटातून रेल्वेनं जाताना दोन्ही रेडिओंचा स्वभाव चांगला कळतो. एफएम लावला असेल तर डोंगर आडवे यायला लागतात तशी खरखर वाढत जाते, शब्द अर्धे-मुर्धे लागतात, मग फक्त खरखर उरते. फोनवरच्या स्ट्रीमला खरखर माहीत नाही. बोगद्यात रेंज गेली तरी साठा आहे तोवर गाणं निर्मळ चालू राहतं, आणि साठा संपल्या क्षणी एकदम शांतता. तुकडा एक तर पूर्ण मिळतो किंवा अजिबात मिळत नाही, अर्धवट मिळण्याची सोयच नाही. अर्धवट आवाजातूनही माणूस बरंच काही समजून घेत असतो, त्यामुळे संकटाच्या वेळी हा फरक महागात पडतो. त्याबद्दल पुढे.

स्ट्रीमबरोबर गाण्याचं नाव कसं येतं, हेही सांगितलं पाहिजे. शाउटकास्टच्या पद्धतीत आवाजाच्या ठरावीक बाइटांनंतर मजकुराची एक छोटी जागा असते. अनेक सर्व्हर ती १६,००० बाइटांनंतर ठेवतात, म्हणजे १२८ किलोबिटला बरोबर सेकंदाला एकदा. त्या जागेतला पहिला बाइट मजकुराची लांबी सांगतो, नाव बदललं नसेल तर तिथे शून्य असतं. ही पद्धत ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रोमन लिपीच होती. मजकूर कुठल्या लिपीत, कुठल्या संकेतानं लिहिलाय हे कळवण्याची तजवीज त्यांनी केली नाही. परिणामी मराठी गाण्याचं नाव केंद्रानं देवनागरीत व्यवस्थित भरलं, तरी काही ॲपवर त्याजागी चिन्हांचा अगम्य गोंधळ दिसतो आणि कंटाळून केंद्रं नावं रोमनमध्ये टाकायला लागतात. ॲप बनवणाऱ्यांनी येणारा मजकूर युनिकोड धरून वाचला तर हा दोष नाहीसा होतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि त्या जागेत ४०८० बाइटांपर्यंत मजकूर मावतो. लांबलचक नाव, गीतकार, संगीतकार, गायक सगळं बसवूनही जागा उरते.

डेटाबद्दल लोकांच्या मनात उगाच धास्ती असते. हिशेब सरळ आहे. ६४ किलोबिटचा स्ट्रीम सेकंदाला ८ किलोबाइट घेतो, तासाला सुमारे २९ मेगाबाइट. १२८ किलोबिटचा तासाला ५८ मेगाबाइटच्या आत. रोज दीड जीबी मिळणाऱ्या पॅकवर १२८ किलोबिटचं स्टेशन चोवीस तास अखंड चालू ठेवलं तरी पॅक संपत नाही. तेच गाणं व्हिडिओच्या साइटवरून ऐकलं तर न पाहिलेल्या चित्रापायी कितीतरी पट डेटा जातो. ज्यांना फक्त बातम्या, भाषणं, श्रुतिका ऐकायच्या आहेत त्यांनी कमी किलोबिटचा पर्याय बिनदिक्कत निवडावा. आवाज आटवण्याच्या एएसी पद्धतीचा सुधारलेला प्रकार आणि २०१२ साली प्रमाणित झालेली ओपस ही पद्धत, या दोन्हींत २४ ते ३२ किलोबिटमध्येही बोलणं स्वच्छ ऐकू येतं. एमपी-थ्रीत तेवढ्याच जागेत आवाज बुडबुड्यांतून आल्यासारखा लागतो.

आता सीमांची गोष्ट. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि सिनेसंगीत त्यांना हलकं वाटे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केलं? त्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. त्याच वर्षाच्या शेवटी सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती विमानानं कोलंबोला जायच्या आणि तिथून लघुलहरींवर स्वार होऊन तोच आवाज पुन्हा मुंबईत, नागपुरात, लातूर-जळगावात उतरायचा. दिल्लीतल्या मंत्र्याला त्या लहरी रोखता येत नव्हत्या. अखेर १९५७च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली.

तीच परिस्थिती आज स्ट्रीमवर आली असती तर? मागणी करताना फोन आपला आयपी पत्ता देतो, आणि त्यावरून श्रोता कुठल्या देशात आहे ते सर्व्हरला कळतं. दार उघडायचं की नाही, हे प्रत्येक श्रोत्यागणिक ठरवता येतं. हे नुसतं कल्पनेतलं नाही. २००७ साली पँडोरा या अमेरिकी सेवेनं गाण्यांच्या हक्कांमुळे अमेरिकेबाहेरच्या बहुतेक श्रोत्यांना दार बंद केलं. त्याच वर्षी २६ जून रोजी तिथल्या इंटरनेट स्टेशनांनी वाढीव स्वामित्वशुल्काचा निषेध म्हणून एक दिवस मौन पाळलं. लंडनच्या उच्च न्यायालयानं २०१९मध्ये ट्यूनइन या ॲपविरुद्ध निकाल दिला की परदेशी स्टेशनांकडे ब्रिटनमधल्या श्रोत्यांना नेणं हा हक्कभंग ठरतो, आणि २०२१मध्ये वरच्या न्यायालयानं तो बव्हंशी उचलून धरला. रेडिओ गार्डन हे ॲप अनेकांच्या परिचयाचं असेल. पृथ्वीचा गोल बोटानं फिरवायचा आणि हिरव्या ठिपक्यावर थांबलं की त्या गावचं स्टेशन लागतं. योनाथन पुकी आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या ध्वनी-चित्र संग्रहालयासाठी २०१६मध्ये ते तयार केलं. २०२२पासून ब्रिटनमधल्या माणसाला त्या गोलावर फक्त ब्रिटिश ठिपके ऐकता येतात. लंडनजवळ राहणाऱ्या मराठी माणसाला त्यावर पुणं दिसतं, पण लागत नाही. भारतातही कायदा स्पष्ट नव्हता. टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक ही इंटरनेटवरची संगीतसेवा या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं २०१९मध्ये सांगितलं की कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डीमधला वैधानिक परवाना रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या प्रसारणाला लागू आहे, इंटरनेटवरच्या सेवांना नाही. गाणी वाजवणारं इंटरनेट स्टेशन सुरू करणाऱ्याला म्हणून संगीत कंपन्यांशी वेगवेगळा करार करावा लागतो. कलावंताला मोबदला मिळालाच पाहिजे याबद्दल दुमत नको. पण रेडिओचा जन्मजात गुण सीमा ओलांडण्याचा आहे, आणि नव्या माध्यमात तोच सर्वांत आधी कापला जातोय याचं दुःख होतं.

मागणी म्हटली की नोंद आलीच. कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, किती वेळ ऐकलं, हे सर्व्हरच्या वहीत उतरतं. केंद्राला याचा उपयोग आहे, कुठला कार्यक्रम लोक अर्ध्यावर सोडतात ते लगेच समजतं. काही सेवा श्रोत्यागणिक वेगळी जाहिरातही घालतात, म्हणजे एकाच वेळी एकच स्टेशन ऐकणाऱ्या दोघांना मध्ये वेगळं काही ऐकू येतं. हे श्रोत्यांना माहीत असायला हवं. ॲप निवडताना रेडिओला काहीही गरज नसलेल्या परवानग्या, उदाहरणार्थ संपर्कयादी किंवा नेमकं ठिकाण, मागितल्या तर सरळ नकार द्यावा.

खरं तर ॲपवर फार विसंबायचंच कारण नाही. प्रत्येक स्टेशनाचा स्ट्रीम हा शेवटी एक पत्ता असतो. केंद्राच्या संकेतस्थळावर तो कधी उघड दिलेला असतो, कधी एम-थ्री-यू किंवा पीएलएस अशा शेपटीच्या चिमुकल्या फाइलीत असतो. त्या फाइलीत गाणं नसतं, दोन-चार ओळींचा मजकूर आणि तो पत्ता एवढंच असतं. व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरमध्ये तो पत्ता चिकटवला की स्टेशन लागतं आणि जपूनही ठेवता येतं. ॲप बंद पडलं, पैसे मागू लागलं, जाहिरातींनी भरून गेलं तरी आपलं स्टेशन आपल्याजवळ राहतं. जुने पत्ते नव्या फोनवर लागत नाहीत त्याचं कारण बहुधा एकच. ते साध्या एचटीटीपीचे असतात, आणि २०१८मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९पासून ॲपना असं असुरक्षित दळणवळण मुळातच बंद असतं. पत्ता एचटीटीपीएसचा मिळतो का पाहावं. दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळानं रेडिओही बंद पडतो. ते नेटचं दुखणं नव्हे. बॅटरी वाचवायला फोनच ॲपला झोपवतो. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पर्यायात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडलं की प्रश्न सुटतो. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर हे एवढं आधी करून द्यावं, नाहीतर ‘रेडिओ बिघडला’ म्हणून ती तो सोडून देतात.

आणि एवढं सगळं असूनही हवेतला रेडिओ मोडीत काढायचा विचार कुणी करू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली भागात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले, आणि बऱ्याच गावांत कित्येक दिवस ना वीज होती ना रेंज. अशा वेळी फोनवरचं उत्तमातलं उत्तम ॲप निरुपयोगी. दोन सेलवर चालणारा संच मात्र दूरच्या प्रक्षेपकाचा आवाज पकडतो, खरखरीसह का होईना. पुष्कळ फोनांच्या चिपमध्ये एफएम पकडण्याची सोय असते. इअरफोनची वायरच एरियलचं काम करते, कारण शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव हिस्सा पाऊण मीटरचा आणि वायरही साधारण तेवढीच. कंपन्या ती सोय काढू लागल्या, म्हणून २०२३मध्ये केंद्र सरकारनं ती बंद ठेवू नका अशी सूचना काढली. नवा फोन घेताना दुकानदाराला एफएमबद्दल आवर्जून विचारावं.

स्ट्रीमची खरी कमाई अंतरात आहे. पुणे केंद्रावरून सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी प्रादेशिक बातम्या लागतात तेव्हा दुबईत ५.३५ झालेले असतात आणि न्यू जर्सीत आदल्या दिवशीच्या रात्रीचे, हिवाळ्यात ८.३५ आणि उन्हाळ्यात ९.३५. तिथलं मराठी घर जेवणाच्या टेबलावर महाराष्ट्राची सकाळ ऐकू शकतं. मध्यम लहरींवर हे कधीच शक्य नव्हतं. परदेशाचीच गोष्ट कशाला, खानापूर, आटपाडी आणि माणदेशातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी केरळ-तमिळनाडूपासून आसामपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या पांगलेली आहेत. आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रं आज ॲपवर लागतात, पण गावाकडचा पाऊस, जनावरांचा बाजार, ओव्या आणि ओळखीच्या बोलीतल्या गप्पा मिळतात त्या सामुदायिक रेडिओवर. म्हसवडला २००८पासून चालणारी ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे त्याचं चांगलं उदाहरण. अशा केंद्राला नियमानं शंभर वॅटच्या आसपासचीच शक्ती मिळते, आणि आवाज दहा-पंधरा किलोमीटरवर विरतो. तिथून पुढे न्यायला स्ट्रीम हाच एक मार्ग आहे.

अडचण तीच, प्रत्येक श्रोत्यामागे एक प्रत. १२८ किलोबिटचा स्ट्रीम हजार जणांना द्यायचा तर सर्व्हरला सेकंदाला १२८ मेगाबिट सतत बाहेर टाकावे लागतात, आणि होस्टिंगचं बिल त्या प्रमाणात वाढतं. छोट्या केंद्रांनी याच भीतीनं थांबू नये. गाण्यांपेक्षा बोलणं जास्त असलेल्या केंद्राला १२८ची गरज नाही. आयसकास्ट फुकट मिळतं, एन्कोडरचं काम जुना लॅपटॉपही करतो, आणि ओपसमध्ये ३२ किलोबिटचा स्ट्रीम शंभर जण एकाच वेळी ऐकत असले तरी लागतात ३.२ मेगाबिट. तालुक्याच्या गावातली साधी फायबरची जोडणीही तेवढं पेलते.